करवतीखाली गेलेली थ्री-नॉट-थ्री

महाराष्ट्रात थ्री-नॉट-थ्री म्हटले की पोलिसाच्या खांद्यावरची जड, लाकडी रायफल डोळ्यांपुढे येते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेऊन आलेल्या हल्लेखोरांसमोर रेल्वे पोलिसांच्या हाती हीच होती, आणि पुढे कितीतरी दिवस वर्तमानपत्रांतून तिच्या वयाचा हिशेब मांडला जात होता. कॅनडात तिची ओळख वेगळी. तिथे ती आजोबांची हरणाची बंदूक आहे. पुढचे निम्मे लाकूड कापलेले, संगीन अडकवायची जागा काढून टाकलेली, नळी चार-पाच इंच आखूड केलेली आणि वर एखादी स्वस्तातली दुर्बीण. लष्करी रायफल कापून-तासून शिकारीसाठी बनवलेल्या अशा हत्याराला स्पोर्टर म्हणतात.

अशी रायफल वारशाने हाती आली की नव्या मालकाला दोन मोह होतात. एक, घासूनपुसून चकाचक करण्याचा. दुसरा, कापलेले सगळे परत जोडून तिला पुन्हा फौजी करण्याचा. दोन्ही आवरलेले बरे. करवतीने जे गेले ते गेले. पण जे उरले आहे त्यात बरेच काही लिहिलेले असते, आणि ते पुसण्याचे काम करवतीपेक्षा वाळूकागदाने जास्त केले आहे.

या रायफलीचे मूळ नाव ली-एन्फिल्ड. तिची यंत्रणा रचणारा जेम्स पॅरिस ली १८३१ मध्ये स्कॉटलंडात जन्मला, कॅनडात वाढला आणि अमेरिकेत नावारूपाला आला. एन्फिल्ड हे लंडनजवळच्या सरकारी कारखान्याचे गाव. ब्रिटिश फौजेने १८९५ मध्ये ली-एन्फिल्ड स्वीकारली. १९०७ चा ‘मार्क थ्री’ पहिले महायुद्ध लढला आणि दुसऱ्या महायुद्धात ‘नंबर फोर’ आली. इंग्लंडाखेरीज ली-एन्फिल्ड ऑस्ट्रेलियातल्या लिथगो इथे, बंगालमधल्या इशापूरला, टोरांटोजवळच्या लाँग ब्रँचला आणि अमेरिकेत सॅव्हेज कंपनीकडेही बनली. सगळ्या नमुन्यांची मिळून संख्या सुमारे १ कोटी ७० लाख धरली जाते.

युद्ध संपले आणि एवढ्या रायफलींचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. फौजा हळूहळू स्वयंचलित शस्त्रांकडे वळत होत्या. जुना माल घाऊक भावाने व्यापाऱ्यांकडे गेला आणि तिथून दुकानांत, टपालाने माल पाठवणाऱ्यांच्या कॅटलॉगांत आला. नवी शिकारी रायफल घेण्याची ऐपत नसलेल्या शेतकऱ्याला, लाकूडतोड्याला, नुकत्याच घरी परतलेल्या सैनिकाला ती परवडत होती. फौजेत तीच हाताळलेली असल्यामुळे शिकवायलाही कोणी लागत नव्हते. फक्त तिचे वजन चार किलोच्या आसपास होते आणि संगिनीच्या लढाईसाठी केलेला पुढचा भाग जंगलात निरुपयोगी होता. मग रविवारी परसातल्या शेडमध्ये करवत निघायची.

हे काम घरगुतीच होते असे नाही. बर्मिंगहॅमची पार्कर-हेल कंपनी जुन्या ली-एन्फिल्ड घेऊन त्यांना नवे लाकूड, नवी चमक आणि नवी साइट देऊन विकत असे. कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाची गोल्डन स्टेट आर्म्स ‘सांता फे’ या नावाने असाच माल काढी. म्हणून कापलेली रायफल दिसली की पहिला प्रश्न, कापली कोणी? कारखान्यातल्या कामात लाकडाची टोके गोल आणि सारखी असतात, नळीचे तोंड नीट घडवलेले असते, नवी माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, सरळ बसलेली असते. घरच्या कामात कानशीचे ओरखडे दिसतात आणि माशी कधी कधी किंचित एका अंगाला कललेली असते. हा कललेपणा हास्यास्पद वाटेल, पण त्या कललेल्या माशीवर नेम धरून कित्येक घरांची हिवाळ्याची मांसाची तजवीज झालेली आहे.

अमेरिकेतला हा स्वस्त बाजार १९६८ मध्ये आटला. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या खुनासाठी वापरलेली इटालियन कार्कानो रायफल अशाच शिल्लक फौजी मालातली होती. शिकागोच्या एका दुकानाने ती दुर्बिणीसकट १९ डॉलर ९५ सेंटला टपालाने पाठवली होती. १९६८ च्या कायद्याने टपालाची विक्री बंद झाली आणि परदेशी फौजी रायफलींची आयातही रोखली गेली. कॅनडात मात्र फौजी सेवेतली नंबर फोर पुढेही कितीतरी वर्षे राबली. उत्तरेच्या बर्फात गस्त घालणाऱ्या कॅनेडियन रेंजर्सनी ती १९४७ पासून जवळपास सात दशके वापरली, ध्रुवीय अस्वलांपासून बचावासाठीसुद्धा.

ओळख पटवताना पहिली गफलत होते ती कापलेली फौजी रायफल आणि जन्मतःच शिकारी म्हणून घडवलेली रायफल यांत. बी.एस.ए. आणि लंडन स्मॉल आर्म्स या कंपन्या ली यंत्रणेवर सुरुवातीपासून शिकारी रायफली बनवत. त्यांवर ‘ली-स्पीड पेटंट्स’ असा छाप असतो आणि त्यांच्या नळ्या, लाकूड, साइट सगळे मुळातच हलके व नाजूक असते. अशी रायफल कुणी ‘कापलेली थ्री-नॉट-थ्री’ समजून मोडीच्या भावात दिली, तर घेणाऱ्याची चंगळ.

जर्मन माउझर रायफलींच्या घराण्यातही हाच भेद आहे. जिम कॉर्बेटची प्रसिद्ध .२७५ रिग्बी ही फौजी माउझर कापून केलेली नव्हे. लंडनच्या रिग्बी कंपनीने माउझर यंत्रणेवर ती शिकारीसाठीच बांधली. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला १९०७ मध्ये मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी ती कॉर्बेटला भेट दिली, आणि तसे कोरलेली चांदीची पट्टी तिच्या दस्त्यावर आहे. पुढे ती त्याच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे राहिली. याच संस्थेच्या मुंबई शाखेने १९४४ मध्ये कुमाऊंच्या नरभक्षकांवरचे त्याचे पुस्तक छापले होते. आता ती रायफल रिग्बीकडे परत गेली आहे. ती पट्टी नसती, तर त्या काळच्या तशाच दुसऱ्या रिग्बीपासून ती वेगळी काढायला कागदपत्रांतच शिरावे लागले असते.

भारतात या गोष्टीला आणखी एक वळण आहे. फौजेचे काडतूस सामान्यांच्या हाती पडू नये म्हणून इथे .३०३ वर बंदी होती, आणि आजही ती खासगी परवान्यावर सहसा मिळत नाही. मग बी.एस.ए.ने त्याच ली-एन्फिल्ड यंत्रणेवर, ऑस्ट्रियाच्या जुन्या फौजी काडतुसासाठी, .३१५ बोअरची शिकारी रायफल भारतासाठी बनवली. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या कारखान्यानेही .३१५ काढली. आपल्याकडे जुन्या शिकारी घराण्यांत दिसते ती बहुधा हीच. दिसायला ती कापलेल्या थ्री-नॉट-थ्रीसारखी असते आणि नवख्याला फरक कळत नाही. पण काडतूस वेगळे, नळी वेगळी आणि कायदाही वेगळा.

आता पोलादावरच्या खुणांच्या वाचनाकडे. कुठलीही जुनी रायफल हातात घेतली की प्रथम मॅगझिन काढायचे, बोल्ट उघडायचा आणि काडतुसाचा कोठा डोळ्यांनी व बोटाने तपासायचा. ती रिकामी आहे हे इतरांनी कितीही शपथेवर सांगितले तरी. मगच मजकूर शोधायचा.

मार्क थ्रीच्या उजव्या अंगाला, बोल्टच्या दांड्याखालच्या पोलादी पट्ट्यावर मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, साल आणि नमुना असे एकाखाली एक असते. नंबर फोरचा मजकूर बहुधा डाव्या अंगाला असतो. लाँग ब्रँचच्या रायफलीवर ते नाव आणि साल स्पष्ट असते, अनुक्रमांकात ‘एल’ असतो आणि सी अक्षराच्या पोटात बाण असे कॅनडा सरकारचे चिन्ह दिसते. सॅव्हेजच्या अनुक्रमांकात ‘सी’ असतो, कारण कारखाना मॅसॅच्युसेट्समधल्या चिकपी फॉल्सचा. तिच्यावर ‘यू. एस. प्रॉपर्टी’ असे ठोकलेले असते, आणि ते वाचून अनेक जण तिला अमेरिकन फौजेची समजतात. अमेरिकन सैन्याने ही रायफल कधी आपली म्हणून घेतली नाही. उसनवारीच्या कराराखाली ती ब्रिटनला पाठवली गेली आणि कागदोपत्री मालकी अमेरिकेची राहावी म्हणून तो छाप.

ब्रिटिश सरकारी मालावर रुंद बाण असतो. टोकाला टोक भिडवलेले दोन बाण दिसले, तर फौजेने ती विकून टाकली असा अर्थ. ‘एफ.टी.आर.’ आणि पुढे साल असेल, तर त्या वर्षी कारखान्यात ती पूर्ण उघडून दुरुस्त झाली. खासगी बाजारात येण्याआधी ब्रिटनमध्ये नळीची दाबचाचणी सक्तीची होती. त्या वेळी नळीवर ‘.३०३’, ‘२.२२२’ आणि ‘१८.५ टन’ असे बारीक आकडे ठोकले जात. म्हणजे काडतुसाचा बोअर, त्याच्या पुंगळीची इंचांतली लांबी आणि दाबाचे माप. सोबत नुसते ‘इंग्लंड’ असेल, तर ती बहुधा अमेरिकेच्या वाटेला लागलेली. तिथल्या आयात कायद्यानुसार मालावर देशाचे नाव लागते. एवढे वाचून झाले की एका रायफलीचा प्रवास बऱ्यापैकी हाती येतो, आणि ते सगळे पोलादावर, कापलेल्या लाकडाशी त्याचा संबंध नाही.

अनुक्रमांक मात्र दोन ठिकाणी ताडायचा, बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी सांगाड्यावर आणि बोल्टच्या दांड्यामागे. जुळला नाही तर बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे. बोल्ट आणि नळी यांच्यामधले अंतर हजारांश इंचांत नेमलेले असते. परक्या बोल्टने ते वाढले, तर पुंगळी फुटून तापलेला वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. असे हत्यार शस्त्रदुरुस्तीच्या जाणकाराकडून मापून घेतल्याखेरीज चालवायचे नसते.

कधी कधी वाचनात घबाड सापडते. नंबर फोरपैकी नेमक्या निघालेल्या रायफली निवडून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडकडे पाठवल्या जात आणि तिथे त्यांना दुर्बीण बसवून निशाणबाजांसाठी ‘नंबर फोर टी’ बनवल्या जात. वीस हजारांहून अधिक झाल्या. युद्धानंतर त्यांतल्याही काही सर्रास विकल्या गेल्या, आणि घेणाऱ्याने दुर्बिणीचे लोखंडी पाट अडगळ म्हणून काढून टाकले. आज सांगाड्याच्या डाव्या अंगाला बुजवलेली भोके, डावीकडे बारीकसा ‘टी’, आणि दस्त्याच्या खालच्या बाजूला ‘एस ५१’ हा हॉलंड अँड हॉलंडचा संकेतांक, असे एकत्र दिसले तर समोर मामुली स्पोर्टर नाही. दस्ता वाळूकागदाने घासला की ‘एस ५१’ जातो. तो गेला की उरलेल्या खुणांवर विश्वास कोण ठेवणार?

उलट बाजूची लबाडीही आहे. युद्धाच्या अखेरीस निघालेली आखूड ‘जंगल कार्बाइन’, म्हणजे नंबर फाइव्ह, लोकांना फार आवडते. म्हणून साध्या नंबर फोरची नळी कापून, तोंडाला शंकूसारखी टोपी लावून तशा दिसणाऱ्या रायफली विकल्या गेल्या. खऱ्या नंबर फाइव्हच्या नळीच्या जाड बुडातून आणि सांगाड्यातून वजन कमी करण्यासाठी पोलाद खरवडून काढलेले असते. नकलीत ते अंग भरलेले असते. वरचे लाकूड उचलले की निकाल लागतो.

अमेरिकन स्प्रिंगफिल्ड १९०३ च्या स्पोर्टरबाबत तर आकडा वाचणे हा जिवाचा प्रश्न आहे. स्प्रिंगफिल्ड कारखान्याच्या ८,००,००० च्या खालच्या आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ च्या खालच्या क्रमांकांचे काही सांगाडे ठिसूळ निघाले. पोलाद भट्टीत किती तापले हे कारागीर रंगावरून, नुसत्या नजरेने ठरवत. लख्ख उन्हाच्या दिवशी तोच रंग फिका दिसे आणि पोलाद प्रमाणाबाहेर तापवले जाई. १९१७ मध्ये काही रायफली फुटल्यावर चौकशी झाली, भट्टीला तापमापके आली आणि १९१८ पासून पद्धत बदलली. ज्युलियन हॅचर या लष्करी अधिकाऱ्याने हा सगळा तपशील १९४७ मध्ये पुस्तकात मांडला. त्या क्रमांकाखालची देखणी स्पोर्टर आजही मिळते. ती भिंतीवरच शोभते, खांद्याला लावायची नाही.

मग कापलेली रायफल पूर्ववत करावी का? लाकूडच कापले असेल आणि पोलादाला हात लागला नसेल, तर जुने फौजी लाकूड शोधून बसवता येते आणि त्यात फारसे वावगे नाही. नळी कापली असेल, दुर्बिणीसाठी सांगाड्यात भोके पाडली असतील, मागच्या साइटचे कान कानशीने उडवले असतील, तर परतीचा रस्ता नाही. तरीही हौशी लोक नळी बदलतात, भोके भरतात, नवे छाप मारून घेतात. त्यातून तयार होते ती धड फौजी नाही आणि धड शिकारीही नाही. थिओडोर रूझवेल्टने राष्ट्राध्यक्ष असतानाच आपल्या मापाचे लाकूड आणि साइट बसवून घेतलेली स्प्रिंगफिल्ड १९०९ मध्ये आफ्रिकेला नेली होती. लेखक हेमिंग्वेने न्यूयॉर्कच्या ग्रिफिन अँड होवने बांधलेली स्प्रिंगफिल्ड आफ्रिकेतच १९३३-३४ मध्ये वापरली. त्या रायफली ‘मूळ रूपात’ आणाव्यात असे कोणी म्हणत नाही. कॅनडातल्या ओंटारियोच्या शेतकऱ्याला तोच न्याय नाकारायचे कारण नाही. १९५५ मध्ये शेडमध्ये केलेला तो काप आता सत्तर वर्षांचा आहे. तो या हत्याराच्या आयुष्यातला एक टप्पा आहे, डाग नव्हे.

जतन करायचे म्हणजे प्रामुख्याने हात आवरायचे. जुन्या .३०३ काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या, पुंगळीवर ‘के.एफ.’ लिहिलेल्या काडतुसांतही ते होते. बार उडाला की नळीत त्याचे क्षार उरतात, हवेतला ओलावा ओढतात आणि आतून गंज धरतो. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. ब्रिटिश फौजेत बार झाल्यावर नरसाळ्याने नळीत उकळते पाणी ओतायची रीत याचसाठी होती. त्यानंतर कोरडी चिंधी आणि शेवटी हलके तेल. घराघरांत मात्र फक्त तेल पडले, म्हणून बाहेरून सुरेख दिसणाऱ्या अनेक स्पोर्टरांची नळी आतून खडबडीत असते. सफाई नेहमी बोल्ट काढून मागून करावी. पुढून दांडा घातला की नळीचे तोंड झिजते आणि नेम बिघडतो.

बाहेरचा गंज हलक्या तेलाने आणि बारीक पितळी तारेने, घाई न करता निघतो. नवे निळे-काळे पाणी चढवणे टाळावे, कारण त्याआधीच्या घासण्यात सगळे छाप पुसट होतात. लाकडाला जवसाचे तेल पुरते. फौजेत कच्च्या जवसाच्या तेलात लाकूड मुरवत, पॉलिशचा थर देत नसत. कोरड्या जागी ठेवायची असेल तर ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात तयार झालेले रेनेसान्स मेण लाकूड आणि पोलाद दोन्हींना चालते. चामड्याच्या किंवा कापडी खोळीत वर्षानुवर्षे ठेवणे हे सगळ्यात वाईट, खोळ ओल धरते आणि चामड्यातली रसायने पोलाद खातात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर काही महिन्यांत निकाल लागेल.

मार्क थ्री उघडणाऱ्यांसाठी एक खास इशारा. मागचा दस्ता आधी फिरवू नये. त्याच्या आतल्या लांब बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते, आणि बोल्ट पिळला की पुढचे लाकूड मागून फाटते. आधी पुढचे लाकूड, मग दस्ता. बाजारात मिळणाऱ्या कितीतरी जुन्या लाकडांना तीच एक चीर असते, आणि तिचे कारण हेच.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम बसला, तेव्हा जुन्या शिकारी रायफली कपाटात गेल्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात, त्यामुळे वारशाने आलेल्या तिसरीचा प्रश्न अनेक घरांत उभा राहिला. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्रावरचा अनुक्रमांक किंवा ओळखचिन्ह खोडणे, बदलणे हा गुन्हा आहे, तेव्हा हौसेची घासपूस इथे खटल्यापर्यंत जाऊ शकते. घरात अशी रायफल असेल, तर परवान्यावरचा क्रमांक आणि पोलादावरचा क्रमांक शेजारी ठेवून ताडून पाहा, न जुळल्यास परवाना शाखेकडे स्वतःहून जा. सगळ्या खुणांची जवळून छायाचित्रे काढून ठेवा. आणि ती वापरलेले कोणी हयात असेल, तर कुठून आली, कोणी कापली, कशासाठी वापरली हे त्यांच्याकडून लिहून घेऊन परवान्याच्या फायलीत लावा. पोलादावर हा मजकूर कुठेच ठोकलेला नसतो.